लेबर रूमचे रजिस्टर

तलमडुगूची एखादी मुलगी आज नर्सिंग शिकून आपले नाव कौन्सिलच्या दप्तरी नोंदवायला निघाली, तर तिची नोंद ज्या कायद्याखाली होते तो कायदा मुळात मद्रासचा आहे, आणि १९२६ सालचा आहे. त्या साली तलमडुगूचा मद्रासशी काडीचाही संबंध नव्हता. गाव निजामाच्या मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यात. वर पैनगंगा, पलीकडे यवतमाळचा वऱ्हाडी प्रदेश. सरकारी कागद उर्दूत, बाजारातले बोलणे मराठी-तेलुगूत आणि गोंडांच्या गुड्यांवर गोंडी. मद्रासच्या विधिमंडळाने परिचारिका आणि सुईणींसाठी केलेला तो कायदा पुढे आंध्र प्रदेशाकडे वारशाने आला, आणि तिथून तेलंगणाकडे. २०१४ मध्ये राज्य नवे झाले, कौन्सिलची पाटी बदलली, कायद्याचे साल मात्र तेच राहिले.

शेजारच्या किनवटची गोष्ट याहून गमतीची. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि हे मराठी तालुके नांदेडला जोडून मुंबई राज्यात गेले. राजुरा त्यानंतर चांदा जिल्ह्यात गेले. तलमडुगू आंध्रात राहिले. सोयरिकी तुटल्या नाहीत, बाजारहाट तुटला नाही, पण दाखले देणाऱ्या कचेऱ्या वेगळ्या झाल्या. फेरमांडणीच्या कायद्याप्रमाणे जुने कायदे बदलेपर्यंत ज्या त्या प्रदेशात चालूच राहायचे. त्यामुळे १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा एकाच राज्यात मुंबई इलाख्याची, मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि हैदराबादची अशा तीन घडणींची माणसे, दप्तरे आणि वहिवाटी नांदत होत्या. नर्सेसच्या बाबतीत त्यांची मोट बांधण्याचे काम १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने केले. महाराष्ट्र परिचर्या परिषद चालते ती या कायद्यावर.

हे सगळे कायदे मुख्यतः एका वहीभोवती फिरतात. कोणाला नर्स म्हणायचे याची ती वही, म्हणजे रजिस्टर. ही वही नीट ठेवायला आपण शंभर वर्षांत बऱ्यापैकी शिकलो. पण वहीत नाव येण्याआधी ती मुलगी जिथे तीन-चार वर्षे काढते त्या शाळेत काय चालते, हे पाहायला मात्र आपण फारसे शिकलो नाही.

वही नव्हती तेव्हाचे चित्र मुंबईत पाहावे. १८८६ मध्ये बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडले, आणि त्याच सुमारास जे. जे. मध्ये नर्सेसना रीतसर शिकवायला सुरुवात झाली. १८९१ मध्ये तिथे शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत असते. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न म्हणून मुली ते पाठ करतात. त्यापलीकडे काशीबाईंबद्दल त्यांना काही सांगितले जात नाही. त्या काळी वरच्या जागा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन बायकांच्या. आपल्याकडे या कामाला विटाळाचे आणि रात्रपाळीचे असे दोन्ही डाग चिकटलेले. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयात शिकणाऱ्या बायकांना आधार दिला, तेव्हा पांढरपेशा घरांतल्या विधवा पहिल्यांदा या वाटेला लागल्या. वसतिगृहावर कोणाची नजर आहे हा प्रश्न त्या घरांच्या दृष्टीने अभ्यासक्रमाहून मोठा होता. सेवासदनाचे नाव पाठीशी होते म्हणून मुली आल्या. एका अर्थाने नर्सिंगच्या शिक्षणावरची आपल्याकडची पहिली देखरेख हीच, आणि ती कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती.

रुग्णालयांना मात्र शिकाऊ मुलगी हवी असे ती वेगळ्या कारणासाठी. ती स्वस्त. वॉर्ड चालवायचा तर हात लागतात, आणि शिकाऊ नर्सचे हात विद्यावेतनात मिळतात. म्हणून ज्या रुग्णालयाला माणसे कमी पडत त्याने शाळा काढावी, असा सरळ व्यवहार होता. शिकवणे किती होते, राबवणे किती, हे ठरवायला बाहेरचे कोणी नव्हते. एके ठिकाणी दोन वर्षांत दाखला, दुसरीकडे तीन वर्षांत, तिसरीकडे डॉक्टरसाहेबांच्या मर्जीने.

याला पहिला लगाम घातला तो नर्सेसनीच. १९०५ मध्ये नर्सिंग सुपरिंटेंडेंटांची संघटना निघाली, तिच्यातूनच पुढे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन स्थापन झाली आणि इलाख्यातल्या शिकाऊ नर्सेसच्या परीक्षा व नोंदणीला एक घर मिळाले. मिशन रुग्णालयांनी उत्तरेत आणि दक्षिणेत आपापली परीक्षा मंडळे काढली. यातल्या कोणाकडे कायद्याचा दंडुका नव्हता. पण परीक्षा घ्यायला येणाऱ्या बाई स्वतः कुठल्या तरी रुग्णालयाच्या मेट्रन असत. चादरीचा कोपरा कसा दुमडला आहे, बेडपॅन कुठे ठेवले आहे, रोग्याच्या पाठीला शय्याव्रण आहे का, एवढे पाहिले की शाळेत काय शिकवतात ते त्यांना कळे. फाइल मागवायची गरज पडत नसे.

तिकडे इंग्लंडात याच प्रश्नावर दोन मोठ्या बायकांची जुंपली होती. एथेल बेडफर्ड फेनविक म्हणत, नर्सेसची सरकारी नोंदवही हवी, परीक्षा हवी, नाव कमी करण्याचा अधिकार हवा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा याला ठाम विरोध. रोग्याशी वागण्याची रीत कोणत्याही परीक्षेत मोजता येत नाही, आणि एकदा वहीत नाव लागले की पुढच्या तीस वर्षांत ती बाई कशी झाली हे वही सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका. न्यूझीलंडने १९०१ मध्येच नोंदणीचा कायदा केला. इंग्लंडात तो व्हायला १९१९ उजाडले, तोवर नाइटिंगेल हयात नव्हत्या. इतिहासाने फेनविकबाईंच्या बाजूने कौल दिला आणि तो योग्यच होता. तरी नाइटिंगेल यांचा आक्षेप खोडला गेला नाही, नुसता मागे पडला.

हिंदुस्थानात मद्रासचा कायदा १९२६ चा, मुंबईचा १९३५ चा, मध्य प्रांताचा १९३६ चा. या कायद्यांनी कौन्सिले बसवली, रजिस्ट्रार नेमले, गैरवर्तन करणाऱ्या नर्सचे नाव वहीतून काढण्याची तरतूद केली. व्यक्तीला शिस्त लावणे सोपे असते. एक बाई असते, तिचा एक गुन्हा असतो, सुनावणी होते. शाळेला शिस्त लावायची तर शाळेमागे रुग्णालय असते, रुग्णालयामागे ट्रस्ट किंवा सरकार, आणि त्यातल्याच कोणाची तरी खुर्ची कौन्सिलात असते.

नर्सेस होत्या तरी किती? १९४६ मध्ये आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर सुमारे ४७,५०० आणि नर्सेस सुमारे ७,०००. डॉक्टरांपेक्षा नर्सेस कमी, असा हा उलटा पिरॅमिड. सुईणी ५,०००. समितीने नर्सिंगला विद्यापीठाची पदवी हवी असा आग्रह धरला, आणि त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर इथे पदवीचे वर्ग सुरू झाले.

१९४७ सरता सरता, ३१ डिसेंबरला, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. राज्याराज्यांतल्या दाखल्यांना एक पट्टी लावणे हे त्याचे काम. या कायद्याने मान्य केलेली पदविका कोणत्याही राज्याच्या वहीत नाव घालायला पुरेशी ठरते, म्हणून तलमडुगूची नर्स यवतमाळला आणि किनवटची आदिलाबादला नोकरी करू शकते. सीमेवरच्या माणसाला ही तरतूद फार मोठी, जरी प्रत्यक्षात एका कौन्सिलचे ना-हरकत पत्र दुसऱ्या कौन्सिलात पोचेपर्यंत चपला झिजतात.

शिस्तीची कलमे पाहिली की मात्र कायद्याचा स्वभाव कळतो. कार्यकारी समिती निरीक्षक नेमू शकते. निरीक्षक शाळा पाहतो, परीक्षेलाही हजर राहतो आणि अहवाल देतो. अहवाल वाईट असेल तर केंद्रीय कौन्सिल तो राज्याकडे पाठवते. राज्य संस्थेकडून खुलासा मागवते, आपले मत जोडून परत पाठवते. मग कौन्सिल मान्यता काढायची की नाही ते ठरवते. म्हणजे एकतर तोंडी समज, नाहीतर फाशी. मधली शिक्षा नाही. जिथे फाशीखेरीज शिक्षा नसते तिथे न्यायाधीश बहुधा सोडून देतो. कॉलेज बंद केले तर आत शिकणाऱ्या मुलींचे काय, या एका प्रश्नावर कित्येक कॉलेजे तगली, आणि तो प्रश्न खोटा नव्हता ही खरी अडचण.

दुसरा घोळ अधिकाराचा. मान्यता नेमकी कोण देते? राज्याचे कौन्सिल, विद्यापीठ, राज्य सरकार की दिल्ली? महाराष्ट्रात पदवीला १९९८ पासून नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पदविकेला शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ, नोंदणीला परिचर्या परिषद. तेलंगणात पदवी वरंगलच्या काळोजी नारायणराव विद्यापीठाची. या सगळ्यांवर दिल्लीच्या यादीत नाव आहे का, हे पालक विचारतात ते वेगळेच. २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने निकाल दिला की १९४७ च्या कायद्याने केंद्रीय कौन्सिलला अर्हतेला मान्यता देण्याचा अधिकार दिला आहे, संस्थांना मान्यता देण्याचा नाही. सत्तर वर्षे ज्या यादीवर नोकऱ्या, कर्जे आणि प्रवेश अवलंबून होते तिच्या पायाखालची वीटच न्यायालयाने काढून दाखवली. कायद्याच्या अंगाने निकालाचे काही का होईना, बंगळुरात शिकणाऱ्या परराज्यातल्या मुलींच्या पोटात गोळा आला.

खेड्यापर्यंत पोचली ती एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-सुईण. १९५१ मध्ये पंजाबात तरनतारनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. उपकेंद्रावर एकटी राहून लसी देणारी, प्रसूती करणारी, पावसाळ्यात ओढे ओलांडून गुड्यावर जाणारी ही बाई. तलमडुगूसारख्या मंडलात लोकांना नर्स म्हणून दिसते ती हीच. तिच्यावर डॉक्टरची नजर आठवड्यातून एखाद्या वेळी. म्हणून तिच्या शिक्षणात कसूर राहिली तर ती झाकायला कोणी नसते. शहरातल्या रुग्णालयात कच्ची नर्स चार पक्क्या नर्सेसमध्ये खपून जाते, उपकेंद्रावर ते शक्य नाही. कौन्सिलांचा सर्वाधिक वेळ मात्र पदवीच्या महाविद्यालयांत गेला, कारण पैसा तिथे होता.

आणि पैसा आला तो २००० नंतर. आखाती देशांत, इंग्लंड-अमेरिकेत नर्सेसना मागणी वाढली, घरी खाजगी रुग्णालये वाढली. बी.एस्सी. नर्सिंगची जी महाविद्यालये देशभरात काही डझनांत मोजली जात ती दीड दशकात हजारावर गेली. मोठा वाटा दक्षिणेकडच्या राज्यांचा. निरीक्षकांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही, आणि पाहणीची रीत तर बदललीच नाही.

ही रीत सगळ्या कॉलेजांना पाठ आहे. ‘टीम येणार’ म्हटले की रंगरंगोटी होते. टीम जागा मोजते, ग्रंथालयातली पुस्तके मोजते, प्रयोगशाळेतला सांगाडा आणि पुतळे पाहते, शिक्षकांच्या मूळ पदव्या पाहते. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, एका विद्यार्थ्यामागे तीन रोगी, संलग्न रुग्णालय पंधरा ते तीस किलोमीटरच्या आत, डोंगराळ आणि आदिवासी भागाला पन्नासपर्यंत सवलत. सगळे निकष चांगले आहेत. सगळे एका दिवसापुरते उभेही करता येतात. भाड्याच्या पुस्तकांवर शिक्का मारायला रात्र पुरते. खाटांवर माणसे झोपवायला तेवढीही लागत नाही.

एक वही मात्र एका रात्रीत तयार होत नाही. जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने वीस प्रसूती स्वतः करणे बंधनकारक होते. प्रत्येकीची नोंद तिच्या केस बुकात असते. बाईचा नोंदणी क्रमांक, कळा कधी सुरू झाल्या, बाळ किती वाजता, वजन किती, वार कधी पडली, टाके घातले का, आणि खाली सिस्टरची सही. आता हिशेब करा. साठ मुलींचा वर्ग, प्रत्येकीला वीस, म्हणजे बाराशे प्रसूती. रविवार आणि दिवाळी धरून रोज तीनाहून जास्त, त्याही फक्त विद्यार्थिनींच्या हातच्या. त्याच रुग्णालयाशी तीन कॉलेजांनी करार केला असेल तर छत्तीसशे, रोज जवळजवळ दहा. रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये आपले मोठे लांबट रजिस्टर असते, त्यात दर प्रसूतीची वेळ लिहिलेली असते. केस बुके आणि ते रजिस्टर शेजारी ठेवली की एका तासात कळते, कोणी प्रसूती केली आणि कोणी नुसती नक्कल उतरवली. एकच बाई तीन कॉलेजांच्या सात मुलींच्या हातून बाळंत झालेली दिसते. जुन्या मेट्रनने पहिल्यांदा हेच रजिस्टर मागवले असते. आजच्या तपासणीच्या नमुन्यात इमारतीच्या चौरस फुटांना भरपूर रकाने आहेत.

हा ढोंगीपणा कुठवर जाऊ शकतो ते मध्य प्रदेशात दिसले. २०२२ मध्ये जबलपूरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आरोप साधा होता. कागदावर असलेली कॉलेजे जागेवर नाहीत. पत्त्यावर गेले तर राहते घर किंवा लग्नाचा हॉल. एकाच शिक्षकाचे नाव एकाच वेळी अनेक कॉलेजांत. न्यायालयाने आधी ग्वाल्हेरकडच्या काही कॉलेजांची आणि मग राज्यातल्या तीनशेहून जास्त कॉलेजांची चौकशी सीबीआयकडे दिली, परीक्षा थांबवल्या. २०२४ च्या सुरुवातीला अहवाल आला. १६९ कॉलेजे योग्य, बाकीच्यांत काही उणी, काही अगदीच नालायक. लोकांनी निःश्वास टाकला. मे महिन्यात सीबीआयने भोपाळमध्ये आपल्याच निरीक्षकाला दहा लाखांची लाच घेताना पकडले. योग्य शेरा मिळवण्यासाठीची ती लाच होती. मग न्यायालयाने त्या १६९ कॉलेजांची पुन्हा तपासणी लावली, न्यायिक अधिकाऱ्याच्या समोर आणि व्हिडिओ चित्रण करून.

या प्रकरणात वर्तमानपत्रांना रस लाचेत होता, मला तो वेळापत्रकात वाटतो. २०२०-२१ ला प्रवेश घेतलेल्या मुली तीन वर्षांहून जास्त काळ पहिल्याच वर्षात बसून राहिल्या. त्यातल्या किती जणींची कॉलेजे खरी होती, रोज वॉर्डात जाणाऱ्या किती होत्या आणि ‘नॉन-अटेंडिंग’ म्हणून पैसे भरून घरी बसलेल्या किती, याचा निवाडा करायची सोयच कोणाकडे नव्हती. चुकार कॉलेजाला शिक्षा करताना ती मुलींच्या वयातून वसूल झाली.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कौन्सिलची जागा आयोगाने घ्यायची, राज्यांनी आपापले आयोग बसवायचे. शिक्षणाचे एक मंडळ, मूल्यमापन व मानांकनाचे दुसरे, नीती व नोंदणीचे तिसरे. तोंडी समज आणि फाशी यांच्या मधली जागा इथे भरली आहे. ताकीद, दंड, जागा कमी करणे, प्रवेश थांबवणे, आणि सगळ्यांत शेवटी मान्यता काढणे. ही सुधारणा खरी आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने २०१४ नंतरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीला १५७ नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, तोही निर्णय बरा. कारण जिथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे तिथे लेबर रूम रात्रंदिवस चालते.

आदिलाबादला असे रुग्णालय आहे, २००८ पासूनचे रिम्स. तलमडुगूच्या मुलीला तिथे जागा मिळाली तर बरेच प्रश्न सुटतात. नाही मिळाली तर ती खाजगी कॉलेजात जाणार, अलीकडच्या किंवा पलीकडच्या राज्यातल्या. तिथे आदिवासी भागासाठीची पन्नास किलोमीटरची सवलत तिच्या वाट्याला येते. ही सवलत काढून टाकावी असे मी म्हणणार नाही, ती नसेल तर या पट्ट्यात कॉलेजच निघणार नाही. पण पन्नास किलोमीटर म्हणजे पहाटे पाचची बस आणि रात्रपाळीला मुक्कामाची खोली. त्या खर्चाचा रकाना तपासणीत हवा. आणि मानांकन मंडळाने प्रत्येक संलग्न रुग्णालयापुढे दोनच आकडे छापावेत, गेल्या वर्षीच्या प्रसूती किती आणि करार केलेल्या कॉलेजांतल्या विद्यार्थिनी किती. दोन्ही राज्यांनी ते एकाच तक्त्यात, मराठी आणि तेलुगूत लावले, तर किनवटच्या पालकालाही बाराशेचा भागाकार करता येतो.